‘मोठा’चे किती अर्थ लिहायचे? विशेषणांची यादी करताना अडकलेल्यांसाठी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. प्रोजेक्टसाठी तुम्ही २०० मराठी विशेषणांची अर्थासकट यादी करताय आणि ‘मोठा’पाशी गाडी अडकलीये. ‘आकाराने अधिक’ असं लिहावं तर मोठा उंदीर कितीही मोठा असला तरी लहान हत्तीपेक्षा लहानच, मग ‘मोठा’ला स्वतःचा अर्थ आहे का तो नामाकडून उसना घेतो, आणि तसं असेल तर प्रत्येक नामासाठी वेगळी नोंद करायची का? गाइडनी ‘कॉन्टेक्स्टवर अवलंबून आहे’ म्हणून विषय संपवला.

गाइड चूक नाहीत, पण या उत्तराने काम पुढे सरकत नाही, कारण कॉन्टेक्स्टवर काय अवलंबून नसतं? खरा प्रश्न हा की नेमकं काय अवलंबून आहे आणि शब्दाने स्वतः काय ठरवून ठेवलंय. मी बरीच वर्षं कोशाच्या नोंदी लिहिल्यात आणि नंतर दुसऱ्यांनी केलेलं अर्थांचं टॅगिंग (म्हणजे कुठल्या वाक्यात शब्दाचा कुठला अर्थ आहे याची खूण करणं) तपासायचं काम केलंय, तिथे रोज हाच गोंधळ बघितला. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेत. एक, शब्दाचा अर्थ एकच आहे पण त्याच्या आत एक रिकामी जागा आहे जी प्रत्येक वेळी बाहेरून भरावी लागते. दोन, शब्दाला खरोखरच वेगवेगळे अर्थ आहेत. मोठा उंदीर आणि मोठा हत्ती हा पहिला प्रकार. मोठा दगड आणि मोठा भाऊ हा दुसरा.

पहिला प्रकार आधी घेऊ. ‘मी’ हा शब्द बघा, बोलणाऱ्यागणिक माणूस बदलतो पण म्हणून कोणी ‘मी’च्या कोट्यवधी नोंदी करत नाही, ‘जो बोलतोय तो’ एवढी एक सूचना पुरते. ‘मोठा’ पण असाच. त्याची सूचना अशी की आकाराची पट्टी घे, अशा वस्तूंसाठी साधारण कुठपर्यंत असतं ते बघ, आणि ही वस्तू त्याच्या बऱ्यापैकी वर आहे असं समज. ‘अशा वस्तू’ म्हणजे कुठल्या ते नाम सुचवतं, बहुतेक वेळा. नेहमी नाही, कारण पाच वर्षांच्या पोराने बांधलेल्या वाळूच्या किल्ल्याला ‘केवढा मोठा किल्ला’ म्हणताना आपण जगातल्या किल्ल्यांशी तुलना करत नसतो, त्या वयाची पोरं जे बांधतात त्याच्याशी करतो. म्हणजे नाम नुसती हिंट देतं, शेवटी ठरवतं संभाषणच.

हे काही नवीन नाही. तत्त्वज्ञ पीटर गीच यांनी १९५६ मध्ये जवळपास तुमचंच उदाहरण दिलं होतं, त्यांच्याकडे उंदराऐवजी पिसू होती. ‘ही मोठी पिसू आहे’ या वाक्याचे ‘ही पिसू आहे’ आणि ‘ही मोठी आहे’ असे दोन तुकडे पडत नाहीत, ‘ही लाल गाडी आहे’चे मात्र पडतात. त्याच्याही आधी भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांचा श्रेणी या विषयावरचा लेख आहे, त्यांच्या मृत्यूनंतर १९४४ मध्ये छापलेला. त्यात मुद्दा असा की ‘मोठा’, ‘चांगला’ असले शब्द वरून साधे दिसतात पण त्यांच्या पोटात तुलना आधीच बसलेली असते. हे दोन डोक्यात ठेवले की पुढचं सोपं जातं.

तर पहिली टेस्ट गीचवाली, मी तिला तुकडे-टेस्ट म्हणतो. लाल गाडी आहे, गाडी हे वाहन आहे, म्हणून ते लाल वाहन आहे. चालतं. मोठा उंदीर आहे, उंदीर हा प्राणी आहे, म्हणून तो मोठा प्राणी आहे. नाही चालत. कुशल शिक्षक आहे, तोच माणूस गातोही, म्हणून तो कुशल गायक आहे. हेही नाही चालत, पण कारण वेगळं, इथे पट्टीच बदलली, शिकवण्याच्या पट्टीवरून गाण्याच्या पट्टीवर. आणि ‘माजी अध्यक्ष’मध्ये तर तो माणूस त्या जागेवर आता अध्यक्षच नसतो. ‘कथित चोर’मध्ये असेलही, नसेलही.

(लालसुद्धा दिसतो तितका साधा नाही. ‘लाल पेन दे’ म्हटलं तर बाहेरून लाल की शाई लाल? पण हा लाल शब्दाचा दोष नाही, पेनाचा कुठला भाग मोजायचा याचा प्रश्न आहे, त्यासाठी लालच्या दोन नोंदी करू नका. मी केल्या होत्या एकदा.)

‘खोटा’, ‘नकली’ यांचं एक गंमतशीर आहे. जुनी मांडणी अशी की खोटी नोट ही नोट नसतेच, विशेषण नामाला रद्द करतं. पण भाषाशास्त्रज्ञ बार्बरा पार्टी यांनी यावर आक्षेप घेतला आणि तो मराठीतही चपखल बसतो. ‘ही नोट खरी का खोटी?’ असं आपण सहज विचारतो ना? खोटी नोट ही नोटच नसेल तर हा प्रश्नच वेड्यासारखा वाटायला हवा आणि ‘खरी नोट’ म्हणणं उगाच पाल्हाळ वाटायला हवं. वाटत नाही, कारण ‘खोटी’ शब्द आला की आपण ‘नोट’चा अर्थ तात्पुरता ताणतो, दिसायला नोट असलेलं सगळं त्यात घेतो आणि मग त्यात खरं-खोटं वेगळं करतो. ‘माजी’ मात्र असं ताणू देत नाही. ‘हा अध्यक्ष माजी का आजी?’ असं कोणी विचारलंच तर ते शब्दांशी खेळणं असतं. त्यामुळे ‘खोटा’ आणि ‘माजी’ यादीत एका खान्यात टाकू नका.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. ज्यांना पट्टी असते त्या विशेषणांतही दोन जाती आहेत, आणि बहुतेक याद्या इथेच फसतात. समजा समोर दोन काठ्या आहेत, दोन्ही तशा आखूडच. मी म्हटलं ‘त्यातली लांब काठी दे’, तुम्ही निमूट त्यातल्या त्यात लांब ती द्याल. आता दोन्ही वाकड्या आहेत, एक कमी एक जास्त, आणि मी म्हटलं ‘त्यातली सरळ काठी दे’. इथे तुम्ही अडाल, म्हणाल यातली एकही सरळ नाहीये. लांबचा उंबरठा, म्हणजे पट्टीवर जिथून पुढे तो शब्द लागू होतो ती रेघ, हलतो, गरज पडेल तसा खाली-वर होतो. सरळचा हलत नाही, तो पट्टीच्या टोकाला ठोकलेला आहे. ख्रिस्टोफर केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये हे पट्टीच्या रचनेवरून नीट मांडलं, की पट्टीला टोक असेल तर विशेषण त्या टोकाला चिकटतं, नसेल तर उंबरठा कॉन्टेक्स्टमधून येतो. म्हणजे तुमच्या गाइडचं वाक्य लांब, उंच, मोठा यांच्याबाबत खरं, पण सरळ, कोरडा, रिकामा यांच्याबाबत अर्धवट.

मराठीत हे तपासायला ‘पेक्षा’ फार कामाचा आहे. आपल्या रोजच्या मराठीत तुलनेसाठी विशेषणाचं रूप बदलत नाही, उंचचं उंचच राहतं, त्यामुळे टेस्ट स्वच्छ होते. (ज्येष्ठ, श्रेष्ठ ही संस्कृतात ‘सर्वांत’वाली रूपं होती, पण मराठीत आपण बिनदिक्कत ‘सर्वांत श्रेष्ठ’ म्हणतो, म्हणजे आपल्यासाठी ती साधी विशेषणंच झालीत.) ‘हा मुलगा त्या मुलापेक्षा उंच आहे’ यावरून कोणीच उंच ठरत नाही, दोघं बुटके असू शकतात. ‘ही काठी त्या काठीपेक्षा वाकडी आहे’ म्हटलं की ही काठी वाकडी ठरलीच. ‘हा शर्ट त्या शर्टपेक्षा कोरडा आहे’ म्हटलं की तो दुसरा शर्ट पूर्ण कोरडा नाही हे ठरलं. तीन विशेषणं, तीन वेगळे निष्कर्ष. यावरून लगेच कळतं की उंचला टोक नाही, वाकडा शून्याच्या जरा वर गेलं की सुरू होतो आणि कोरडा पार टोकालाच असतो.

‘जवळजवळ’ लावूनही बघा. जवळजवळ कोरडा, जवळजवळ रिकामा, जवळजवळ सरळ, सगळं छान. जवळजवळ ओला? जवळजवळ वाकडा? कानाला खटकतं, कारण ओला व्हायला एक थेंब पुरतो, त्याच्या ‘जवळ’ पोचून थांबायचं कुठे? आणि म्हणूनच ‘ओला नाही’ म्हणजे ‘कोरडा’ असा सरळ अर्थ होतो, ‘उंच नाही’ म्हणजे ‘ठेंगणा’ असा होत नाही, मध्ये भरपूर मोकळी जागा आहे जिथे बहुतेक माणसं राहतात. ‘ओलसर’ पण बघा कुठे बसतो, ओला आणि कोरडा यांच्या मध्ये नाही, ओल्याच्याच हद्दीत सुरुवातीला.

मराठीत आणखी एक खजिना आहे जो मला वाटतं नीट वापरला जात नाही, जोडशब्द. ओलाचिंब, कोरडाठणठणीत, लालभडक, काळाकुट्ट, हिरवागार, पिवळाधमक, लांबलचक, नवाकोरा. सगळ्यांचं काम ‘खूप’ असं वाटतं पण नीट बघितलं तर चिंब ओल्याला शून्यापासून उचलून पार दुसऱ्या टोकाला नेतो, ठणठणीत कोरड्याला फक्त ‘हो हो, अगदी टोकालाच आहे’ एवढं बजावतो, आणि लांबलचकमध्ये टोक नाहीच, नुसतं ‘अपेक्षेपेक्षा फार’. शिवाय जोड्या ठरलेल्या, लालकुट्ट कोणी म्हणत नाही. आणि लालभडक साडी असते, रागाने चेहरा मात्र लालबुंद होतो. २०० शब्दांत जमलं तर जोडशब्दाचा एक कॉलम ठेवाच.

आणि मापाचं. पाच फूट उंच, दहा फूट लांब, दोन फूट खोल हे चालतं. पाच फूट ठेंगणा चालत नाही. ‘पँट दोन इंच आखूड झाली’ चालतं, पण तिथे दोन इंच हे पँटचं माप नाही, जेवढी हवी होती त्यातला फरक आहे. जोडीतला एक शब्द माप देतो, दुसरा फक्त कमतरता सांगतो. नामं करतानाही हीच फूट दिसते, उंची, लांबी, रुंदी, खोली, जाडी ही मापं, आणि त्यांच्या उलट बाजूला आखूडपणा, अरुंदपणा, उथळपणा, पातळपणा. पहिल्यांना नुसता ‘ई’ लागला, दुसऱ्यांना ‘पणा’ लागला, आणि ‘या काठीचा आखूडपणा किती?’ असं कोणी विचारत नाही. हा नियम नाही, थंडपासून थंडी होतं आणि ते माप नाही, पण लांबी-रुंदीच्या कुटुंबात हे इतकं नीट बसतं की मी शिकवताना इथूनच सुरुवात करायचो. ‘मोठा’ इथे एकदम वेगळा निघतो, त्याचा ‘मोठेपणा’ होतो आणि तो माणसाच्या स्वभावाकडे किंवा मानाकडे जातो, दगडाचा मोठेपणा आपण मोजत नाही.

इथवरचं थोडक्यात, मोठा उंदीर आणि मोठा हत्ती यांना एकच नोंद, ‘आकाराच्या पट्टीवर, अशा वस्तूंच्या मानाने वर’. आता दुसरा प्रश्न, खरोखर वेगळे अर्थ किती.

मी कामाला लागलो त्या पहिल्या वर्षी ‘हलका’च्या १९ नोंदी केल्या होत्या आणि मला त्याचा अभिमान होता. वरिष्ठ बाईंनी कागद परत दिला, म्हणाल्या प्रत्येकीसमोर उलट शब्द लिहून आण. हलकी पेटी, उलट जड. हलका रंग, उलट गडद. हलका पाऊस, उलट जोराचा. हलक्या प्रतीचं कापड, उलट उंची कापड. (हा ‘उंची’ विशेषण आहे, मगाचचा मापाचा नाही, भाषेला अशी मजा करायची हौस असते.) हलकं मन, उलट जड. म्हणजे मनाचा ‘हलका’ पेटीच्या ‘हलक्या’चंच रूपक आहे. असं करत १९ चे ६ झाले. तेव्हापासून उलट शब्द हे माझं पहिलं हत्यार. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या वर्डनेटमध्येही (इंग्रजी शब्दांचा अर्थानुसार लावलेला डेटाबेस) नामं ‘हा त्याचा प्रकार’ अशा उतरंडीत लावलीत पण विशेषणं विरुद्धार्थी जोड्यांभोवती लावलीत, त्यामागे हाच विचार, विशेषणाचा स्वभाव त्याच्या विरोधकावरून कळतो.

दुसरं हत्यार, एका वाक्यात दोन कामं देऊन बघा. ‘पेटी पण भारी आहे आणि सिनेमा पण’ हे वाक्य ऐकून हसू येतं ना, ते हसू म्हणजेच पुरावा की ‘भारी’चे दोन अर्थ आहेत. ‘उंदीर पण मोठा आहे आणि हत्ती पण’ यात कोणाला हसू येत नाही.

तिसरं हत्यार, विशेषण नामाच्या पुढून काढून ‘आहे’च्या आधी ठेवा. माझं आवडतं उदाहरण, ‘आमचं जुनं घर अगदी नवीन होतं’. विरोधाभास नाही, कारण इथे ‘जुनं’ म्हणजे आधीचं. पण ‘ते घर जुनं आहे’ म्हटलं की ‘आधीचं’ हा अर्थ गळून पडतो, फक्त वय उरतं. ज्या जागेत एक अर्थ टिकतो आणि दुसरा मरतो तिथे दोन नोंदी हव्यात, यावर मी सहसा वाद घालत नाही.

हे सगळं घेऊन ‘मोठा’कडे. मोठा दगड, उलट लहान. मोठा आवाज, उलट बारीक किंवा हळू. मोठा भाऊ, उलट लहान पण धाकटाही चालतो, आणि दगडाला धाकटा कोणी म्हणत नाही, शिवाय ‘माझा लहान भाऊ मोठ्या भावापेक्षा उंच नि आडवा आहे’ यात काही विचित्र नाही, म्हणजे वयाचा अर्थ वेगळा. मोठा गणितज्ञ, इथे ना आकार ना वय, आणि उलट शब्द ‘लहान गणितज्ञ’ नाहीच, ‘सामान्य’ वगैरे. मोठी रक्कम मी आकारातच ठेवतो, संख्येलाही आकार मानायची आपली सवय आहे, पण यावर दुसरं मत असू शकतं.

आणि मग ‘मोठा मूर्ख’. इथे मोठा म्हणजे मूर्खपणाच्या पट्टीवर वर. मजा अशी की उलट बाजू बंद आहे, ‘लहान मूर्ख’ म्हणजे थोडासा मूर्ख असा अर्थ होऊच शकत नाही, तो लहान वयाचा मूर्ख होईल फार तर. ‘तो मूर्ख मोठा आहे’ असं फिरवलं तरी हा अर्थ जातो. आकाराचे शब्द तीव्रतेसाठी वापरताना फक्त मोठ्या बाजूचेच चालतात हे बाकीच्या काही भाषांतही दिसलंय, म्हणजे ही नुसती आपली लहर नाही. ‘मोठा आला शहाणा’ हा टोमणा याच कुटुंबातला, फक्त तिरका. तर माझ्या हिशोबाने पाच, आकार, आवाज, वय, मान, तीव्रता. तुमचे चार किंवा सहा आले तरी चालतील, कारण टेस्टने दाखवता आलं म्हणजे झालं.

काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. यादी शिकणाऱ्या माणसांसाठी असेल तर वय आणि आकार वेगळे दाखवणं गरजेचं, परभाषकाला ‘मोठा भाऊ’ हमखास उंच भाऊ वाटतो. कॉम्प्युटरसाठी असेल तर कमी अर्थ आणि जास्त खुणा बऱ्या, फार बारीक फोड केली की टॅग करणारे दोघं एकमेकांशी सहमत होत नाहीत हे मी पुन्हापुन्हा बघितलंय. आणि प्रोजेक्ट संशोधनाचा असेल तर अर्थ किती यापेक्षा पट्टी कुठली आणि तिला टोक आहे का याला जास्त मार्क मिळावेत असं मला वाटतं, मिळतील का ते गाइडना विचारा.

एक इशारा. चांगला, हुशार, निरोगी असल्या शब्दांना एक पट्टी नसते, पट्ट्यांचा गठ्ठा असतो. त्यांना ‘कशात?’ विचारा आणि ‘सोडलं तर’ लावून बघा. ‘गुडघा सोडला तर निरोगी आहे’ बरोबर वाटतं, ‘गुडघा सोडला तर आजारी आहे’ विचित्र. निरोगी म्हणजे सगळ्या बाबतीत, आजारी व्हायला एक बाब पुरते. एका जोडीतले दोन शब्द गठ्ठा वेगळ्या पद्धतीने बांधतात, म्हणून उलट शब्द लिहिला की अर्थ आपोआप उलटा झाला असं धरून चालू नका.

सगळे २०० एकदम घेऊ नका, आधी २० घ्या, त्यात रंगाचे तीन-चार, मापाच्या जोड्या, ओला-कोरडासारख्या जोड्या आणि माजी, खोटा, जुना असले त्रासदायक. आणि ‘बरा’ शेवटी ठेवा. ‘त्यापेक्षा हा बरा’ म्हणताना दोन्ही वाईट असू शकतात, म्हणजे तो उंचसारखा वागतोय, पण ‘आता बरा आहे का?’ विचारलं की आजार पूर्ण गेला का असं विचारतोय, म्हणजे कोरड्यासारखा, आणि ‘सिनेमा बरा होता’ म्हटलं की चांगलाही नव्हता हेच कळतं. उलट शब्द लिहायला बसलो की एकालाही धड सापडत नाही. माझ्या नोंदीत तीन अर्थ आहेत आणि समोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे, तुम्हाला काही सुचलं तर इथेच लिहा.